गफूरचाचांची हरवलेली नजर

मित्रांनो, दम्मामच्या एका ऑफिसात सामानाची खोली आहे. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक पुठ्ठ्याचं खोकं आहे आणि त्या खोक्यात मी राहते. मी एक जुनी नजरपट्टी आहे. हे नाव तुम्ही कुठे ऐकलं नसेल, कारण ते मला शारीकने ठेवलं. कंपनीच्या कागदांवर मला आय ट्रॅकर म्हणतात. दिसायला मी काळी, हातभर लांब आणि दोन बोटं जाड. नवीन पाहुणे मला बघून विचारायचे, "हा स्पीकर का?" या प्रश्नाचा मला जेवढा राग येई, तेवढा धुळीचाही येत नसे.

माझं काम सांगते. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खालच्या कडेला मला चिकटवतात. समोर माणूस बसतो आणि पडद्यावरचं काहीतरी वाचू लागतो. माझ्या अंगात बारीक दिवे आहेत. त्यांचा उजेड माणसाला दिसत नाही, पण त्याच्या डोळ्यात एक इवलीशी चमक उमटते. ती चमक माझे दोन कॅमेरे टिपतात. त्यावरून मी सांगते की हा माणूस आत्ता पडद्यावर नेमका कुठे बघतो आहे. असं एका सेकंदात साठ वेळा. कोणतं बटण लोकांना चटकन सापडतं, कुठे नजर अडखळते, कोणत्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, हे मी सांगायचं आणि पडदे बनवणाऱ्यांनी ते सुधारायचं. डोळ्यांत तेल घालून बघणं हा माझा धंदाच होता.

आता माझं दुःख ऐका. माझ्यासमोर हजारो माणसं बसली, पण सगळी माझ्या चार बोटं वर बघायची. आणि चुकून कुणी माझ्याकडे बघितलंच, तर त्याची नजर पडद्याच्या बाहेर गेली असं ठरे आणि माझ्या नोंदीत शिक्का पडे, 'नजर हरवली'. त्या नोंदी नंतर पुसून टाकत. असं आयुष्य काढणाऱ्याला एकटं वाटणारच, नाही का?

माझा जन्म एका थंड देशात झाला. तिथल्या कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं आणि मऊ स्पंजात गुंडाळून विमानात टाकलं. दम्मामला उतरले तर कस्टमवाल्यांनी मला अकरा दिवस अडकवून ठेवलं. माणसांच्या डोळ्यांकडे टक लावून बघणारी ही वस्तू कशाला हवी, असा त्यांना संशय. रोज एक माणूस कागदांची चळत घेऊन यायचा आणि रोज त्याला "बुकरा, बुकरा" म्हणजे उद्या ये असं सांगून परत पाठवायचे. तो माणूस एकदाही आवाज चढवत नसे. तोच शारीक.

शारीक परकार हा रत्नागिरी जिल्ह्यातला, हर्णैच्या बाजूचा. सौदीत तो कॉम्प्युटर दुरुस्तीला म्हणून आला होता. आमच्या ऑफिसात पडदे तपासण्याचं काम सुरू झालं, तेव्हा ते त्याच्या गळ्यात पडलं आणि पुढे त्याला त्याचं वेडच लागलं. तो चष्म्याच्या फडक्याने माझी काच पुसायचा. वाळू किती बारीक असते ते मला इथे येऊन कळलं. दारं-खिडक्या बंद असल्या तरी सकाळी अंगावर तिचा थर असे. पुसताना तो म्हणायचा, "काय म्हणतेस, पट्टी?" दिवसभरात माझ्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य. मी त्याची वाट बघत असे.

तुम्ही म्हणाल, तुला कान कुठले? खरं आहे, कान नाहीत. पण माझ्या शेजारी एक मायक्रोफोन होता, बोलघेवडा. खोलीत बोललेलं अवाक्षरही तो मला सांगितल्याशिवाय राहत नसे.

पहिली काही वर्षं माझा मोठा मान होता. ऑफिसचे साहेब, ज्यांना सगळे मुदीर म्हणत, पाहुण्यांना माझ्यासमोर आणून उभे करत. बँकांची पानं आली, दुकानांची आली, विमान कंपन्यांची आली. खुर्ची मुद्दाम बिनचाकांची होती, म्हणजे माणूस सरकणार नाही. शारीक आधी पडद्यावर नऊ ठिपके दाखवायचा आणि म्हणायचा, "मान हलवू नका. नुसते डोळे." ठिपके जुळले की मी कामाला लागे.

त्या वर्षांत मी बरंच शिकले. इंग्रजी वाचणाऱ्याची नजर डावीकडून निघते, अरबी वाचणाऱ्याची उजवीकडून. लेबर कॅम्पमधले कामगार कोणतंही पान उघडलं की आधी तारीख शोधतात. एकदा विमान कंपनीच्या पानावर दारात उभ्या असलेल्या बाईचं आणि तिच्या कडेवरच्या मुलाचं चित्र होतं. तिकिटाचं बटण अगदी शेजारी होतं. पण कॅम्पातल्या माणसांची नजर चित्रावर गेली की तिथेच राही. बटण सापडत नाही अशी तक्रार कंपनीने केली, आणि चित्र काढून टाका असं आम्हाला अहवालात लिहावं लागलं. शारीकने ते लिहिलं खरं, पण त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी गेला.

मग दोन हजार अठरा साल आलं. सौदीकरणाचा नियम तसा जुना होता, पण आता त्याचा जोर वाढला. परदेशी माणसं किती आणि सौदी किती, त्यावरून प्रत्येक कंपनीला रंग मिळे. हिरव्या रंगाची कंपनी सुखात. पिवळा-लाल मिळाला की परवाने अडत आणि इकामे, म्हणजे परदेशी माणसांची राहण्याची ओळखपत्रं, रखडत. आमचं ऑफिस पिवळ्यात गेलं. मुदीरांनी शारीकला बोलावून सांगितलं की तुझी जागा एका सौदी मुलीला द्यायची आहे. सहा महिने राहा आणि तिला सगळं शिकव. जुबैलच्या एका ऑफिसने शारीकला घ्यायची तयारी दाखवली होती. फक्त मुदीरांचं संमतीचं पत्र हवं होतं, कारण कफील, म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणूस सौदीत राहतो तो मालक, बदलायचा तर जुन्या मालकाची सही लागे. "काम नीट संपव, पत्र देतो," असं मुदीर म्हणाले.

ती मुलगी म्हणजे अरीज. दम्मामचीच, नुकतीच इंजिनियर झालेली. तिला बघितल्यावर मला वाटलं, आता ही मला स्पीकर म्हणणार. पण पहिल्याच दिवशी तिने खाली वाकून माझ्या कडेवरचा नंबर वाचला आणि वहीत लिहून घेतला. ती खोलीत असली की दार उघडं ठेवायचा रिवाज होता, त्यामुळे वाळू दुप्पट येई. शारीक नाकासमोर चालणारा माणूस. आपली जागा घेणाऱ्याला शिकवायचं म्हणून त्याने काही हातचं राखलं नाही. मला वाटलं होतं, राखेल. माझा अंदाज चुकला याचा मला आनंद झाला.

अरीज यायच्या आधी काही दिवस एक मोठं काम येऊन गेलं होतं, आणि माझी गोष्ट खरं तर तिथेच सुरू होते. एका मोठ्या बांधकाम कंपनीला आपल्या कॅम्पांत टचस्क्रीनची यंत्रं बसवायची होती. कामगाराने यंत्राशी जायचं, इकाम्याचा नंबर घालायचा आणि रजा मागायची. शेवटच्या पानावर दोन बटणं. एक सुट्टीवर जाऊन परत येण्याचं. दुसरं नोकरी संपवून कायमचं जाण्याचं. पडदा अरबीत आणि इंग्रजीत होता. हिंदी-उर्दू घालायची गरज आहे का, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

अरबी वाचता येणारे वीस कामगार हवे होते. शारीकने कॅम्पात जाऊन विचारलं, "अरबी वाचता येते का?" आणि वीस माणसं एका संध्याकाळी मिळाली. त्यातली बरीचशी कोकणातली. मंडणगड, श्रीवर्धन, दापोली. त्यात गफूर सरखोत होते, पाइपांचं जोडकाम करणारे, बावीस वर्षं सौदीत काढलेले. त्यांना सगळे गफूरचाचा म्हणत.

गफूरचाचा खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी आधी टोपी नीट केली. "वाचाया येते ना मना," ते म्हणाले, "नवव्या वर्षी कुराण खतम केलंय. अब्बांनी गावात बत्तासे वाटलेले." शारीक हसला. त्याच्या खतमलाही घरी गोड झालं होतं. त्याने कागदावर 'अरबी वाचक' असं लिहून बरोबरची खूण केली.

मित्रांनो, त्या नजरेसारखी नजर मी कधी बघितली नाही. उजवीकडून डावीकडे, शब्दामागून शब्द. एकही अक्षर सुटलं नाही, घाई नाही, मागे वळणं नाही. मोठमोठे शिकलेले लोक पानावरून सशासारख्या उड्या मारतात. गफूरचाचा वाचत होते ते अदबीने. मी खूश झाले. मनात म्हटलं, याला म्हणतात वाचणं.

मग दोन बटणं आली. त्यांनी दोन्हींवरचं सगळं वाचलं. आणि मग त्यांची नजर खाली उतरली, पडद्यावरून घसरून माझ्यावर आली. ते माझ्याकडे बघत होते. एक सेकंद, दोन, तीन, चार. डोळे उघडे, स्वच्छ, ओलसर. समोरच्याने काहीतरी सांगावं म्हणून थांबलेल्या माणसाचे डोळे. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी एवढा वेळ बघितलं नव्हतं. मी काय करू शकत होते? मी नोंद केली, 'नजर हरवली'.

त्यांनी वरचं बटण दाबलं. परत येण्याचं बटण त्या दिवशी वरच होतं. खोलीच्या काचेच्या भिंतीपलीकडून शारीक म्हणाला, "शाब्बास, चाचा!" गफूरचाचा मोकळे हसले. वरचं बटण, हे त्यांनी मनात पक्कं करून ठेवलं असणार.

नोंदींची सफाई शारीकच करायचा. पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ नजर हरवली असेल तर डोळे मिटले असतील असं धरून ती जागा काढून टाकायची, हा आमच्याकडचा नियम. त्याने गफूरचाचांचे चार सेकंद काढून टाकले. उरलेली नजर इतकी सुरेख होती की अहवालात नमुना म्हणून त्यांचंच चित्र छापलं. खाली लिहिलं, 'अरबी वाचणारे कामगार मजकूर पूर्ण वाचतात. तिसऱ्या भाषेची गरज नाही. बटणांची जागा बदलली तरी फरक पडणार नाही, कारण लोक वाचून दाबतात.' त्याखाली शारीक परकार अशी सही. मुदीरांनी सगळ्यांना खुनाफा नावाची मिठाई खाऊ घातली.

जवळजवळ पाच महिने गेले. शारीकच्या सहा महिन्यांतले आठ-दहा दिवस उरले होते. एके दुपारी गफूरचाचा एक कागद घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यांच्या मुलीचा, इस्मतचा, बारा दिवसांनी निकाह होता. त्यांनी कॅम्पातल्या यंत्रावर दीड महिन्याची सुट्टी मागितली आणि दोन दिवसांत मंजूर झाली.

"पयलं साईटच्या मुदीराच्या मागं मयनामयना फिरावं लागायचं," ते म्हणाले. "तुज्या यंत्रानं येका बोटात काम केलं, शारीक. ह्या कागदात परतीची तारीख कंची लिवलीय, तेवडी वाचून सांग, म्हंजे साईटवर सांगता येल."

शारीकला कागदी अरबी फारशी समजत नसे. त्याने कागद अरीजकडे दिला. तिने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि हळूच म्हणाली, "परतीची तारीख नाही. यांनी नोकरी संपवली आहे. हे कायमचे चालले आहेत."

गफूरचाचांनी बोटाने हवेत वरची जागा दाखवली.

"मी वरचा दाबलाय," गफूरचाचा म्हणाले. "शाब्बास म्हनला होतास तू. तोच दाबलाय."

कंपनीने यंत्रं बसवताना बटणांची अदलाबदल केली होती. का केली ते मला ठाऊक नाही. पण आमच्या अहवालाने तशी मुभा दिली होती. आणि त्या दिवसांत परदेशी माणूस स्वतःहून कायमचा जायला तयार आहे म्हटल्यावर कोण त्याला थांबवून विचारणार? दोन दिवसांत मंजुरी त्यामुळेच आली.

शारीक कसाबसा म्हणाला, "पण चाचा, तुम्हाला वाचता येतं ना?"

"येते मंग!" गफूरचाचांना ते जरा लागलं. त्यांनी कागद अरीजच्या हातून घेतला आणि मोठ्याने वाचू लागले. त्यांचा आवाज एकदम बदलला. प्रत्येक अक्षर जिथून निघायला हवं तिथून निघत होतं, लांबवायचं ते लांबवलेलं, थांबायचं तिथे थांबलेलं. वकिलांनी लिहिलेला तो रुक्ष मजकूर ते लहानपणी शिकलेल्या सुरात वाचत होते. अरीज ऐकतच राहिली. नंतर ती म्हणाली की तिच्या आजोबांनासुद्धा इतकं शुद्ध वाचता येत नव्हतं.

मग तिने साध्या बाजारातल्या अरबीत विचारलं, "चाचा, याचा अर्थ काय?" तेवढी अरबी बावीस वर्षांत त्यांना चांगली समजत होती.

गफूरचाचांनी कागद खाली घेतला. "अर्थ?" ते म्हणाले. "तो कुनी शिकवला नाय, बाय. आमी वाचाया शिकलाव."

शारीक खुर्चीत बसला. तोही तसाच शिकला होता. मशिदीच्या पडवीत, चटईवर, पुढेमागे डोलत, अर्थाविना, पण मन लावून. कोकणातल्या त्या माणसांना 'अरबी वाचता येते का' असं विचारलं तर नाही कोण म्हणणार? नाही म्हणणं म्हणजे बापाने वाटलेले बत्तासे खोटे ठरवणं. परक्या माणसाने कदाचित पुढचा प्रश्न विचारला असता. शारीक त्यांच्यातलाच होता, म्हणून त्याने तो विचारला नाही. बावीस वर्षं कानांवर पडलेला 'खुरूज', म्हणजे देश सोडून जाणं, हा शब्द त्या पडद्यावर असता तरी चाचांनी ओळखला असता. पण वकिलांनी पुस्तकी शब्द घातले होते आणि दोन्ही बटणांवरच्या मजकुराची सुरुवात अगदी सारखी होती.

शारीक त्याच दिवशी बांधकाम कंपनीत गेला. तिथल्या माणसाने त्याच्यापुढे आमचाच अहवाल ठेवला. "हे बघा तुमचं चित्र. हाच माणूस ना? तुम्हीच लिहिलंय, वाचून दाबतात. त्याने वाचून दाबलं." शारीक परत आला आणि टेबलावर हात ठेवून उभा राहिला. "माझ्याच हाताने लिहिलंय," एवढंच बोलला.

अरीजने माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. मूळ नोंदी सहा महिने ठेवायच्या आणि मग पुसायच्या असा नियम होता. अजून महिनाभर बाकी होता. गफूरचाचांची नोंद चालू झाली. मी श्वास घेत नाही, नाहीतर तो रोखून धरला असता.

"हे चार सेकंद कुठे गेले?" तिने विचारलं.

"नजर हरवली. डोळे मिटले असतील. ते काढून टाकायचं असतं, शिकवलं ना तुला?"

"डोळे उघडे आहेत." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "दोन्ही बाहुल्या स्पष्ट दिसतायत. हा माणूस हरवलेला नाही. हा खाली बघतोय. हा या पट्टीकडे बघतोय."

मित्रांनो, सहा वर्षांत माझं नाव कुणी असं घेतलं नव्हतं. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ते उगाच नाही. जे पडद्याबाहेर गेलं ते आम्ही नसल्यासारखं धरलं होतं. मग दोघांनी वीसच्या वीस नोंदी काढल्या. संध्याकाळपर्यंत मोजदाद झाली. वीसपैकी तेरा माणसं बटण दाबायच्या आधी, अगदी त्याच जागी, खाली बघत थांबली होती. कुणी तीन सेकंद, कुणी चार. प्रत्येक जण सगळं वाचून झाल्यावर कुणीतरी मदत करील म्हणून थांबला होता. आणि आम्ही त्या तेरा जणांना झटकून टाकलं होतं.

शारीकने दुसरा अहवाल लिहायला घेतला. अरीज म्हणाली, "यावर मी सही करते. तुमचं पत्र अजून यायचंय." तिला मुदीरांचा स्वभाव कळला होता. शारीक म्हणाला, "पहिल्यावर माझी सही आहे. दुसऱ्यावर दुसऱ्याची कशी चालेल?" त्याने लिहिलं की आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझी आहे, मी वाचता येतं का विचारलं, समजतं का ते विचारलं नाही. सोबत तेरा जणांची चित्रं जोडली. ती चित्रं मी काढलेली होती. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं काही असेल तर ते तेवढंच.

मुदीर चिडले. कंपनीपुढे ऑफिसची नाचक्की झाली असं त्यांचं म्हणणं पडलं. पण अहवाल पोचला होता आणि पोचल्यावर कंपनीला गप्प बसता येईना. यंत्रं आठवडाभर बंद ठेवली, हिंदी आणि उर्दू घातली आणि वाचून दाखवणारा आवाजही बसवला. आणखी सात जणांनी तसंच चुकून कायमचं जाणं मागितलं होतं. त्यातल्या पाच जणांचे कागद रद्द झाले. दोघे आधीच गावी पोचले होते. त्यांच्यासाठी काही करता आलं नाही. गफूरचाचांचा कागद विमानाच्या आदल्या दिवशी रद्द झाला आणि परतीचा हातात पडला. ते थेट विमानतळावर गेले. आम्हाला भेटायला त्यांना वेळच मिळाला नाही.

शारीकचं पत्र आलं नाही. त्याने दोनदा विचारलं, दोन्हीदा त्याला "बुकरा" असं उत्तर मिळालं. मग त्याचा इकामाच संपत आला.

शेवटच्या दिवशी त्याने फडक्याने माझी काच पुसली. अरीजला म्हणाला, "इतकी वर्षं लोकांना या खुर्चीत बसवलं, मी कधी बसलो नाही." तो बसला. अरीजने नऊ ठिपके दाखवले. त्याने मान हलवली नाही, नुसते डोळे हलवले. मी त्याची नजर पहिल्यांदा मोजत होते. नववा ठिपका झाला आणि तो खाली बघू लागला. नेहमीसारखं "काय म्हणतेस, पट्टी?" असं तो म्हणेल म्हणून मी थांबले. तो नुसता बघत राहिला. मी नोंद केली, 'नजर हरवली'. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

दीड महिन्याने गफूरचाचा परत आले. नवा शर्ट, दाढीला मेंदी, हातात फणसपोळीचा पुडा. दारातूनच म्हणाले, "शारीक कुटं हाय? फोन लागत नाय त्याचा." अरीजने खुर्ची पुढे केली आणि बाजारातल्या साध्या अरबीत सगळं सांगितलं. तुमचा कागद त्याच्या लिहिण्यामुळे रद्द झाला. त्या लिहिण्यामुळे त्याचं पत्र अडलं. तो गावी गेला, खलास.

गफूरचाचांना ते शब्द सगळे समजले. ते खुर्चीत बसले. पडदा चालू होता, त्यावर काही नव्हतं. त्यांनी फणसपोळीचा पुडा माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. एक मिनिट दहा सेकंद. मध्येच म्हणाले, "मना येकदा तरी सांगाया हवं होतं त्यानं." अरीजने ती नोंद जपून ठेवली. सफाई केली नाही.

पुढे नवीन यंत्र आलं, चष्म्यात बसणारं. गरज सरो आणि वैद्य मरो, तसं माझं झालं आणि मी या खोक्यात आले. झाकणावर अरीजच्या हातचं माझं नाव आहे. शारीक हाक मारायचा तसं तिने ते लिहिलंय, पट्टी, अरबी अक्षरांत. इथे काचेवर वाळू साचते आणि पुसायला कुणी येत नाही. सकाळ झाली की मला त्या एका वाक्याची आठवण येते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावातही बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या डेपोत असे पडदे आले असतील. तिथे एखादा माणूस सगळं वाचून बोट उचलून थांबलेला दिसला, तर त्याला 'वाचता येतं का' असं विचारू नका. तो हो म्हणेल, आणि खरंच म्हणेल. त्याला काय समजलं ते विचारा. तुम्हाला चार सेकंद पुरतील.

आणि त्याला काय हवंय ते पडद्यावर शोधू नका. तो चार बोटं खाली बघत असेल.